अवेळी छाटणी

माणूस विसरायला लागतो तेव्हा त्याच्या मेंदूत नेमकं काय बिघडलेलं असतं? विचारलं तर बहुतेक जण सांगतील, मेंदूतल्या पेशी मरतात. ते खरंच आहे, पण पेशी मरणं हा अल्झायमरसारख्या आजाराचा बराच उशिराचा टप्पा. विस्मरण त्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेलं असतं.

१९९१ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे रॉबर्ट टेरी, एलिएझर मास्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोजदाद प्रसिद्ध केली. अल्झायमर झालेल्या १५ आणि न झालेल्या ९ व्यक्तींचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर अभ्यासासाठी मिळाले होते. रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या हयातीतच झालेल्या होत्या, त्यामुळे कोणाची बुद्धी किती मंदावली होती हे कागदावर होतं. अल्झायमरच्या दोन जुन्या खुणा आहेत. एक म्हणजे पेशींच्या बाहेर साचणारी अमायलॉइड बीटा या प्रथिनाची पुटं, ज्यांना प्लाक म्हणतात. दुसरी म्हणजे पेशींच्या आत होणारे टाऊ या प्रथिनाचे गुंते. टेरी यांच्या गटानं दोन्ही मोजले. शिवाय तिसरी गोष्ट मोजली: चेतापेशी एकमेकींना जिथे निरोप देतात ते सूक्ष्म सांधे, म्हणजे सिनॅप्स. चाचणीतल्या गुणांशी प्लाक आणि गुंत्यांचं नातं ढिलं निघालं. सिनॅप्सचं मात्र घट्ट निघालं. ज्याच्या मेंदूत सांधे कमी उरले होते, त्याची बुद्धी जास्त ढासळलेली होती.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि एकेक पेशी हजारो सांध्यांनी इतरांशी जोडलेली असते. नातवाचं नाव, बाजारातून घरी यायचा रस्ता, आमटीत मीठ घातलं की नाही, यातली कुठलीच आठवण एखाद्या सुट्या पेशीत साठवलेली नसते. ती जोडण्यांत असते. पेशी जिवंत राहिली आणि तिच्या जोडण्या गेल्या, तर आठवण गेलीच म्हणायची.

मग हे सांधे तोडतं कोण? या प्रश्नाचं आज आपल्याकडे जे उत्तर आहे, ते अल्झायमरच्या वॉर्डात सापडलेलं नाही. त्याची सुरुवात उंदराच्या पिल्लाच्या डोळ्यात झाली. आणि ते शोधणाऱ्यांत असे बरेच जण होते, ज्यांच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी अजून लागायची होती.

पोस्टडॉक नावाची पायरी

पीएच.डी. झाली की माणूस 'डॉक्टर' होतो, पण त्याला लगेच स्वतःची प्रयोगशाळा मिळत नाही. मधे काही वर्षं तो दुसऱ्या कोणा प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत करारावर काम करतो. या पायरीला सगळीकडे 'पोस्टडॉक' म्हणतात. भारतात त्याला कागदोपत्री रिसर्च असोसिएट म्हणतात, किंवा तो एखाद्या फेलोशिपवर असतो. विद्यार्थी म्हणावं तर तो शिकून मोकळा झालेला, आणि प्राध्यापक म्हणावं तर नोकरी पक्की नाही. उंदरांच्या पिंजऱ्यांची नोंद ठेवणं, मेंदूचे पातळ काप करणं, रात्री सूक्ष्मदर्शकाची पाळी मिळाली की तेव्हा बसणं, सकाळी त्याच कापांतले ठिपके मोजणं, ही कामं त्याचीच. शोधनिबंधावर त्याचं नाव बहुधा पहिलं असतं. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, असा रिवाज आहे.

वर्तमानपत्रातल्या बातमीत शेवटचं नाव छापून येतं. डिमेन्शियाची, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती आणि बुद्धी ढासळवणाऱ्या आजारांची, पेशींमधली यंत्रणा समजून घ्यायची, तर पहिली नावं वाचावी लागतात.

पिल्लाच्या डोळ्यातला धागा

तान्ह्या मुलाच्या मेंदूत सांधे कमी असतील आणि वयाबरोबर वाढत जातील, असं वाटणं साहजिक आहे. १९७९ मध्ये शिकागोचे पीटर हटनलोकर यांनी नवजात बालकापासून नव्वदीतल्या माणसापर्यंत २१ मेंदूंच्या पुढच्या भागातले सांधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. वय वर्षं एक ते दोनच्या सुमाराला सांध्यांची दाटी सगळ्यात जास्त होती, प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक. पुढे किशोरवयापर्यंत ती उतरत जाते. म्हणजे मेंदू आधी गरजेपेक्षा जास्त जोडण्या करतो, आणि मग वापरात नसलेल्या काढून टाकतो. या प्रक्रियेला छाटणी असंच नाव आहे. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला ते समजावून सांगायची गरज नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी वेळेवर झाली तर वेल भरतो, आणि तीच कात्री भलत्या महिन्यात चालली तर वर्षाचं पीक हातचं जातं.

पण मेंदूत छाटायचं कुठलं आणि ठेवायचं कुठलं, हे ठरतं कसं? २००० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाला अचानक वाट फुटली. बॅरेस मुळात चेताविकारांचे डॉक्टर. मेंदूत चेतापेशींइतक्याच महत्त्वाच्या ग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या काळी बहुतेकांच्या लेखी त्यांचं काम चेतापेशींना आधार देण्यापुरतं होतं. बॅरेस यांचं सगळं आयुष्य या पेशींना मान मिळवून देण्यात गेलं. त्यांच्याकडे बेथ स्टीव्हन्स पोस्टडॉक म्हणून आल्या.

त्या प्रयोगशाळेत डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी बशीत वाढवल्या जात. ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशींच्या सान्निध्यात वाढवल्यावर त्यांच्यातली कुठली जनुकं जास्त काम करू लागतात, हे तपासलं गेलं. त्यात एक नाव भलतंच निघालं: सी१क्यू. हे प्रथिन शरीराच्या प्रतिकारशक्तीचं. जिवाणू किंवा मेलेल्या पेशींचे अवशेष यांना ते जाऊन चिकटतं. मग कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची साखळी एकामागून एक सुरू होते, तिच्यातलं सी३ हे प्रथिन त्या जागेवर खूण करतं, आणि भक्षक पेशी येऊन खूण असलेली वस्तू गिळतात. रोगजंतूंशी लढणारं हे प्रथिन निरोगी पिल्लाच्या चेतापेशीत काय करत होतं?

स्टीव्हन्स यांनी ते मेंदूत शोधलं. दोन्ही डोळ्यांकडून येणारे धागे मेंदूच्या मध्यावरच्या एका केंद्रात पोचतात. जन्मानंतर सुरुवातीला तिथे दोघांची सरमिसळ असते, आणि काही दिवसांत जादा सांधे जाऊन डाव्या-उजव्याची वाटणी होते. ज्या पिल्लांत सी१क्यू किंवा सी३ बनतच नव्हतं, त्यांच्यात ही वाटणी नीट झाली नाही. जादा सांधे तसेच राहिले. २००७ मध्ये 'सेल' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं. त्यात आणखी एक निरीक्षण होतं. काचबिंदू होणाऱ्या प्रौढ उंदरांच्या डोळ्यात, चेतापेशी मरायच्या आधीच, सी१क्यू पुन्हा सांध्यांवर दिसू लागलं होतं. बालपणाचं काम संपवून निवृत्त झालेली यंत्रणा आजारात परत कामाला लागली होती.

मायक्रोग्लिया

खूण सापडली, पण खूण वाचून सांधा गिळणारं कोण? संशय मायक्रोग्लियावर होता. १९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून या छोट्या, फांद्या फुटलेल्या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिलं. त्यानंतर कित्येक दशकं समज असा होता, की निरोगी मेंदूत त्या स्वस्थ पडून असतात आणि इजा झाली की जाग्या होतात. २००५ मध्ये हायडेलबर्ग इथे आक्सेल निमरयान, फ्रिट्यॉफ हेल्मशेन आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदराच्या मेंदूत त्यांचं चित्रण केलं, तेव्हा त्यांच्या फांद्या सतत हलताना, आसपासचा भाग चाचपडताना दिसल्या. स्वस्थपणा हा मेलेल्या कापांवरून काढलेला निष्कर्ष होता.

२०१० मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. चेतापेशी आणि इतर ग्लिया ज्या थरातून घडतात, त्या थरातून मायक्रोग्लिया येत नाहीत. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पोषक पिशवीत तयार होणाऱ्या आद्य भक्षक पेशी मेंदूत शिरतात आणि तिथेच स्थायिक होतात. वंशानं त्या प्रतिकारशक्तीच्या आहेत. म्हणूनच कॉम्प्लिमेंटची खूण त्यांना कळते.

तोवर स्टीव्हन्स यांची बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये स्वतःची प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिथल्या पोस्टडॉक डॉरथी शेफर यांनी पिल्लांच्या दोन डोळ्यांकडून येणारे धागे दोन वेगवेगळ्या रंगांनी रंगवले आणि मायक्रोग्लियाच्या पोटात काय सापडतं ते पाहिलं. पोटात रंगीत तुकडे होते. मायक्रोग्लियावरचा सी३ ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) काढून टाकला की ते गिळणं घटत होतं. ज्या डोळ्याकडून कमी संदेश येत होते, त्याचे सांधे जास्त गिळले जात होते. २०१२ च्या या निबंधानं साखळी जुळली: चेतापेशी कमी वापरात, सांध्यावर कॉम्प्लिमेंटची खूण, मायक्रोग्लिया हजर.

तीच यंत्रणा, म्हातारपणी

इथून अल्झायमरकडे वळणाऱ्या संशोधक म्हणजे सोयॉन होंग. त्यांची पीएच.डी. डेनिस सेल्को यांच्याकडे, अमायलॉइड बीटावर झालेली. २००२ मध्ये सेल्को यांनीच अल्झायमर हा मुळात सांध्यांचा आजार आहे, अशी मांडणी केली होती. होंग पोस्टडॉक म्हणून स्टीव्हन्स यांच्याकडे आल्या. एका प्रयोगशाळेतला प्रश्न दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या साधनांपाशी पोचला, तो असा एका माणसाबरोबर.

माणसाचं सदोष अमायलॉइड जनुक घातलेले उंदीर अल्झायमरच्या अभ्यासासाठी वापरतात. होंग यांनी ते प्लाक साचण्याच्या आधीच्या वयात पाहायचं ठरवलं. सांधे मोजणं हे या कामातलं सगळ्यात चिवट काम. सांध्याच्या अलीकडचं एक प्रथिन एका रंगानं, पलीकडचं दुसऱ्या रंगानं रंगवायचं, दोन्ही ठिपके अगदी शेजारी दिसले तरच एक सांधा धरायचा. साध्या सूक्ष्मदर्शकाला इतकं बारीक दिसत नाही, म्हणून जास्त विभेदन असलेली यंत्रं वापरावी लागतात. मोजणाऱ्याला कुठला काप कुठल्या उंदराचा हे सांगितलेलं नसतं, नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं.

निष्कर्ष २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आले. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात प्लाक दिसायच्या आधीच सांधे कमी झाले होते आणि सी१क्यू वाढून सांध्यांवर बसलं होतं. निरोगी प्रौढ उंदराच्या मेंदूत अमायलॉइड बीटाचे विरघळलेले लहान पुंजके टोचले, तर काही दिवसांतच सांधे घटले. पण सी१क्यू अडवणारं प्रतिपिंड दिलं, किंवा मायक्रोग्लियातला तो ग्राहक काढून टाकला, तर सांधे वाचले. पुंजके तेच, मात्र तोडणारी यंत्रणा बंद असल्यामुळे नुकसान झालं नाही.

पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये सिंथिया लेमेर यांच्या गटानं याहून बुचकळ्यात टाकणारं चित्र दाखवलं. प्लाकनं भरलेल्या म्हाताऱ्या उंदरांत सी३ नसेल तर प्लाक आणखी वाढत होते, तरीही सांधे आणि चेतापेशी जास्त टिकत होत्या आणि उंदीर शिकण्याच्या परीक्षेत सरस ठरत होते. म्हणजे प्लाक किती, यावर सगळं अवलंबून नव्हतं. मेंदू त्याला काय प्रतिसाद देतो हेही तितकंच महत्त्वाचं होतं.

हा प्रकार एका अल्झायमरपुरता नाही. कपाळामागचा आणि कानशिलाकडचा भाग झिजणारा डिमेन्शिया तुलनेनं लवकरच्या वयात येतो. त्याच्या काही घराण्यांत प्रोग्रॅन्युलिन या प्रथिनाची कमतरता असते. ते प्रथिन नसलेल्या उंदरांतही मायक्रोग्लिया कॉम्प्लिमेंटच्या वाटेनंच सांधे छाटतात, हे २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानं दाखवलं. टाऊचे गुंते होणाऱ्या उंदरांतही सी१क्यू अडवल्यावर सांधे वाचल्याचं २०१८ मध्ये दिसलं. बिघाड वेगळे, पण शेवटी कामाला लागणारी यंत्रणा एक.

मग मायक्रोग्लियाच बंद का करू नयेत?

इतकं वाचल्यावर हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर रुग्णांच्या जनुकांनी दिलं. २००९ मध्ये फ्रान्सच्या लील शहरातून झालेल्या मोठ्या जनुकीय पाहणीत अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेलं सीआर१ हे जनुक सापडलं, आणि ते कॉम्प्लिमेंटच्याच ग्राहकाचं होतं. २०१३ मध्ये लंडनच्या रीता गेरेरो व सहकारी आणि आइसलंडमधला एक गट यांना स्वतंत्रपणे ट्रेम२ हे जनुक सापडलं. मेंदूत ते मुख्यतः मायक्रोग्लियात काम करतं. त्यातला एक दुर्मीळ फरक ज्याच्याकडे असेल, त्याची अल्झायमरची जोखीम जवळपास तिप्पट होते.

यातली ग्यानबाची मेख अशी, की तो फरक ट्रेम२ ला दुबळं करतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत २०१७ मध्ये एकेक पेशी सुटी करून तिच्या जनुकांची नोंद घेतली गेली, तेव्हा प्लाकभोवती जमलेल्या मायक्रोग्लियाचं रूप वेगळंच निघालं. साचलेली घाण गिळण्याची आणि पचवण्याची जनुकं त्यांच्यात जोरात चालू होती, आणि हे रूप पूर्णपणे धारण करायला ट्रेम२ लागत होतं. म्हणजे प्लाकला वेढा घालणाऱ्या, सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया उपयोगाच्या आहेत. त्या कमजोर पडल्या तर आजाराची शक्यता वाढते. सांधे गिळणाऱ्या आणि प्लाक गिळणाऱ्या पेशी एकाच जातीच्या. सगळ्यांना गप्प करावं तर सफाई थांबते. सगळ्यांना चेतवावं तरी काम होईल असं नाही. ट्रेम२ ला जोर देणारं एक प्रतिपिंड सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या निकालात आजाराची गती कमी झालेली दिसली नाही.

उंदीर आणि माणूस

आतापर्यंतचा बराचसा पुरावा उंदरांचा आहे. उंदराला अल्झायमर आपणहून होत नाही. माणसाचं जनुक घातलं तर प्लाक होतात, पण त्याच्या चेतापेशी माणसासारख्या मोठ्या संख्येनं मरत नाहीत. या अडचणीवर बेल्जियममधल्या लूव्हेनच्या बार्ट डी स्ट्रूपर यांच्या गटानं धाडसी उपाय काढला. माणसाच्या मूलपेशींपासून चेतापेशी बनवायच्या आणि त्या प्लाक होणाऱ्या उंदराच्या मेंदूत रुजवायच्या. श्रीराम बालुसू आणि सहकाऱ्यांचं हे काम २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. एकाच मेंदूत, त्याच प्लाकच्या शेजारी, माणसाच्या चेतापेशींत टाऊचे गुंते झाले आणि त्या मेल्या. उंदराच्या चेतापेशी तगल्या. मरणाऱ्या पेशींत मेग३ या आरएनएचं प्रमाण वाढलं होतं, आणि त्या नेक्रोप्टोसिस या ठरावीक मार्गानं मरत होत्या. त्यात पेशीतली काही प्रथिनं क्रमानं चालू होतात आणि शेवटी पेशीचं आवरण फुटतं. मेग३ कमी केलं किंवा त्या मार्गातली प्रथिनं औषधानं अडवली, तर पेशी वाचत होत्या. छाटणीनंतरचा टप्पा, प्रत्यक्ष मृत्यू, इथे पहिल्यांदा इतका जवळून पाहायला मिळाला.

माणसाच्या मेंदूंच्या थेट तपासणीतूनही नवं निघतं आहे. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या टोनी वीस-कोरे यांच्या प्रयोगशाळेतून मायकेल हेनी या पोस्टडॉकचं काम प्रसिद्ध झालं. अल्झायमरची जोखीम वाढवणारं सर्वात परिचित जनुकरूप म्हणजे एपीओई४. आई आणि वडील दोघांकडून ते आलेल्या रुग्णांच्या मायक्रोग्लियात चरबीचे थेंब साचलेले होते. अशा चरबीनं भरलेल्या मायक्रोग्लिया ज्या द्रवात वाढल्या, तो द्रव चेतापेशींना दिला तर त्यांच्यात टाऊचा बिघाड सुरू झाला. अलॉइस अल्झायमर यांनी १९०७ मध्ये आपल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं वर्णन केलं, त्यात ग्लिया पेशींत चरबी साचल्याची नोंद आहे. प्लाक आणि गुंते पाठ्यपुस्तकांत गेले, चरबीचं ते वाक्य मागे राहिलं. ग्लियाकडे लक्ष न देण्याची किंमत शंभर वर्षांनी कळली.

बंगळूरु आणि श्रीनिवासपूर

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. एवढ्या मोठ्या आजारावर पेशींच्या पातळीवरचं काम इथेही चालू आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटातून रेड्डी पीरा कोम्मद्दी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलेली गोष्ट सांध्यांच्याही आतली आहे. सांध्याच्या पलीकडच्या बाजूला चेतापेशीवर बारीक उंचवटे असतात आणि ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू त्यांना आकार देतात. अल्झायमरच्या उंदरांत हे तंतू वयाच्या पहिल्याच महिन्यात विस्कटायला लागतात, प्लाक आणि इतर ठळक खुणा दिसायच्या कितीतरी आधी. दुसऱ्या महिन्यात उंदीर शिकलेलं विसरू लागतो. तंतू टिकवणारं रसायन दिलं तर ती आठवण परत येते. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी मेंदूंतही, ज्यांची स्मृती घसरलेली होती त्यांच्या सांध्यांत हे तंतू कमी होते.

त्याच संस्थेच्या आवारातल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूर तालुक्यातल्या गावांत, पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्याचा अभ्यास हाती घेतला आहे. रक्त, जनुकं, मेंदूच्या प्रतिमा, स्मरणशक्तीच्या चाचण्या, सगळं ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा तपासायचं. वर आलेली जनुकं ज्या पाहण्यांतून सापडली, त्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या होत्या. तेच धोके आपल्या लोकांत तितकेच वजनदार आहेत का, हे असल्या अभ्यासाशिवाय कळणार नाही.

घाईची किंमत

पोस्टडॉकच्या पायरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. करार संपण्याआधी मोठ्या नियतकालिकात निबंध आला तर पुढची नोकरी, नाहीतर शोध पुन्हा सुरू. उंदीर म्हातारा व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि करार बरेचदा तेवढ्याच मुदतीचा असतो. आजार म्हातारपणाचा आणि संशोधकाकडे वेळ नाही, अशी ही जोडी.

२००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून 'नेचर'मध्ये एक निबंध आला. अमायलॉइड बीटाचा एक ठरावीक पुंजका स्मृतिभ्रंश घडवतो, असा त्याचा दावा होता. पहिले लेखक त्या वेळी तिथे पोस्टडॉक होते. निबंध प्रचंड उद्धृत झाला. २०२२ मध्ये 'सायन्स'नं त्यातल्या प्रतिमांबद्दलचे गंभीर आक्षेप छापले आणि २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. पहिले लेखक त्या निर्णयाशी सहमत नव्हते, बाकीचे होते. अमायलॉइडमुळे आजार होतो ही सारी मांडणी त्या एका निबंधावर उभी नव्हती, त्यामुळे ती कोसळली नाही. पण आकृतीत फेरफार झाल्याचं उघड व्हायला सोळा वर्षं लागली. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या तरुणाला त्याचं श्रेय मिळत नाही, आणि श्रेय नसलेलं काम करारात बसत नाही.

बॅरेस यांना या व्यवस्थेतला आणखी एक दोष खुपत होता. प्रयोगशाळा सोडून जाणाऱ्या पोस्टडॉकला आपला प्रश्न बरोबर नेऊ द्यायचा की नाही, हे प्रमुखाच्या मर्जीवर असतं, आणि अनेक प्रमुख नेऊ देत नाहीत. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजत असताना २०१७ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये या अडवणुकीविरुद्ध लेख लिहिला. त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरला ते गेले. त्यांचं म्हणणं किती खरं होतं, हे या प्रकरणातूनच दिसतं. स्टीव्हन्स यांना सी१क्यूचा प्रश्न स्टॅनफर्डमध्येच ठेवून बोस्टनला जावं लागलं असतं, तर शेफर आणि होंग यांचं पुढचं काम तिथे झालं नसतं.

केव्हा?

अमायलॉइड काढून टाकणारी प्रतिपिंडं आता औषध म्हणून आली आहेत. त्यातल्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, आणि औषध घेणाऱ्या १२.६ टक्क्यांच्या मेंदूच्या प्रतिमांत सूज दिसली. घसरण मंदावली, थांबली नाही. रुग्ण डॉक्टरकडे पोचतो तोवर सांधे पुष्कळ गेलेले असतात, आणि गेलेला सांधा प्लाक धुऊन परत येत नाही.

म्हणून आता सगळा भर वेळेवर आहे. सी१क्यू आणि मायक्रोग्लिया दोन वर्षांच्या मुलाला हवेत. पुढे म्हातारपणी सांध्यांची छाटणी पुन्हा सुरू झाली की ती थोपवायला हवी, आणि प्लाक साचलेल्या ठिकाणी त्याच पेशींची सफाई चालू राहायला हवी. एकाच यंत्रणेला कधी अडवायचं आणि कधी मोकळं सोडायचं, हे कळण्यासाठी आजार लक्षणांच्या आधी ओळखता आला पाहिजे. त्या दिशेनं एक पाऊल पडलं आहे. टाऊच्या एका बदललेल्या रूपाचं अमायलॉइडशी प्रमाण मोजणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकानं मे २०२५ मध्ये परवानगी दिली. ती सध्या स्मृतीच्या तक्रारी सुरू झालेल्यांसाठी आहे, पण मणक्यातलं पाणी काढण्याची किंवा महागड्या स्कॅनची गरज त्यामुळे कमी होईल.

छाटणी थांबवणारं औषध उद्या हाती आलं, तरी ते कोणाला आणि कितव्या वर्षी द्यायचं हे ठरवायला श्रीनिवासपूरसारख्या गावांतून वर्षानुवर्षं जमवलेलं रक्त लागेल. आणि ते काम दोन वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाच्या भरवशावर टाकून भागणार नाही.